पिठाचे डबे किती?

वडील गेले तेव्हा मी अकरावीत होते. मूळचे आम्ही मोडनिंबकडचे. तिकडं जमीन नव्हती, म्हणून वडील लग्नाआधीच सोलापूरला आले आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर लागले. लोकांनी पांघरायच्या चादरी विणता विणता त्यांच्या छातीत कापसाची धूळ बसली. ते गेल्यावर आई आणि मी धाकट्या काकांच्या घरी राहिलो. दोन खोल्या, वर पत्रा, काका-काकू, त्यांची दोन पोरं आणि आम्ही दोघी. आई घरात शिलाई मशीनवर बसून टॉवेलांना काठ मारायची. डझनावर मजुरी होती, त्यामुळं तिची मान दिवसभर खालीच असायची.

पहिलं वर्षश्राद्ध झालं आणि काकूनं पीठ वेगळं केलं. भांडण नाही, आवाज नाही. भाकरी थापता थापता ती आईला म्हणाली, "अक्का, उद्यापासनं तुमची ज्वारी तुमी दळून आणत जावा." झालं. गॅस एकच होता. आधी काकूचा स्वयंपाक व्हायचा, आठनंतर आईचा. काकूचा पिठाचा डबा फळीवर आणि आमचा पलंगाखाली. रेशनकार्ड काकांच्या नावावर. त्यात आमची दोघींची नावं होती, पण आलेलं धान्य फळीवरच्या डब्यात जायचं.

गल्लीत मात्र काका सांगायचे, भावाचं बिऱ्हाड मीच सांभाळतो. लोकही त्यांना मान द्यायचे. आई ते ऐकायची आणि गप्प बसायची, कारण पत्रा त्यांचा होता. मला बी.ए. होईपर्यंत त्या पत्र्याखाली राहायचंय, एवढा एकच हिशोब तिच्या डोक्यात होता. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी बिराजदार मॅडम आमच्या दारात आल्या.

उन्हाळा होता. काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टॅब. टॅबला चादरीच्या तुकड्याचं कव्हर, हातानं शिवलेलं. पायात बिनपट्ट्याची सपाट चप्पल. पुढं कळलं की त्या तशीच चप्पल मुद्दाम घेत. दिवसात दहा-बारा उंबऱ्यांवर काढावी लागते, आणि असू द्या असू द्या म्हटलं तरी त्या काढतातच. दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "ऊटा आतेन्री?" मग आमचे चेहरे बघून हसल्या आणि मराठीत विचारलं, "जेवणं झाली का?" त्या कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या दुधनीच्या. घरी कानडी, शाळा मराठी. कुठल्या घरात कुठली भाषा लागेल याचा अंदाज घ्यायला त्या पहिला प्रश्न नेहमी कानडीत टाकायच्या.

मग त्यांचं ठरलेलं बोलणं. पुढं ते मी शेकडो वेळा ऐकलं, पण पहिल्यांदा ऐकलं ते त्या दिवशी. "मी सर्वेक्षणातनं आले. देशात लोक कसे राहतात, काय खातात, काय कमावतात, सुखात आहेत का, ते विचारायचंय. घरं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडलीत, त्यात तुमची गल्ली आली. आधीच सांगते, ह्यातनं तुम्हाला काही मिळणार नाही. घरकुल नाही, कार्ड नाही, गॅस नाही. आणि तुमचं काही जाणारही नाही."

बाकीचे लोक आधी काहीतरी मिळेल असं भासवतात आणि मग प्रश्न विचारतात. ह्या बाईनं आधीच हात झाडले होते. काकांना ते आवडलं. त्यांनी खुर्ची दिली आणि म्हणाले, "लिवा की. सहा माणसं, एक कुटुंब. थोरला भाऊ वारला, त्याचं मी बघतो."

मॅडमनी लिहून घेतलं. मग पाणी मागितलं. ज्या घरी प्रश्न विचारायचे तिथलं फक्त पाणी घ्यायचं, चहासुद्धा नाही, असा त्यांचा नेम होता. मी पाणी आणायला आत गेले, त्या माझ्यामागून आत आल्या. तांब्या तोंडाला लावताना त्यांची नजर फिरली. फळीवर डबा. पलंगाखाली डबा, झाकणावर पिठाची बोटं.

"पिठाचे डबे दोन कसे?" त्यांनी सहज विचारलं.

"मोठं घर हाय, एक पुरत न्हाय," काका दारातनं म्हणाले.

"मग दुसरा पलंगाखाली का?"

काकूनं पोराच्या शर्टाचं बटण नीट होतं तरी नीट केलं. आईच्या मशीनचं चाक थांबलं होतं. तिनं मान वर केली, आणि मला वाटतं वडील गेल्यापासून पहिल्यांदा तिनं काकांकडं न बघता उत्तर दिलं. "माझा हाय तो. आमी वेगळं खातो."

सर्वेक्षणाच्या नियमानं, एका पिठातलं खाणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. छप्पर एक असलं म्हणून होत नाही. मॅडमनी टॅबवर दुसरं कुटुंब उघडलं आणि विचारलं, "कुटुंबप्रमुख कोण?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "मीच की," ती म्हणाली.

शेवटचा प्रश्न सुखाचा होता. एकंदर आयुष्यावर समाधान किती, शून्य ते दहा? आई म्हणाली, तीन. मॅडमनी तीन लिहिलं, चप्पल पायात सरकवली आणि गेल्या.

त्या गेल्यावर काका आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तो केला नाही. ते फक्त म्हणाले, "वहिनी, सरकारी कागदावर तुमी वेगळ्या झालाव. आता जागा बी वेगळी बघा." त्यांचा राग मला आज कळतो. गल्लीपुढं तीन-चार वर्षं उभा केलेला मोठेपणा एका बाईनं पाण्याच्या तांब्यासरशी मोडला होता. पण तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की महिनाअखेरपर्यंत आम्हाला खोली शोधायची आहे.

आठवड्यानं मॅडम परत आल्या. गल्लीतलं एक घर राहिलं होतं, तिथं त्यांना शेजारणीनं आमचं सांगितलं. आम्ही भांडी पोत्यात भरत होतो. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, चप्पल काढून, तापल्या फरशीवर.

आईनं पाणी दिलं नाही. "तुमचं लिवून झालं, बाई," ती म्हणाली. "आता आमी कुटं जावं ते पण सांगा."

मॅडम म्हणाल्या, "माझं चुकलं. विचारायचं ते बरोबर होतं, चारचौघांत विचारलं ते चुकलं."

"व्हय, चुकलं," आई म्हणाली आणि पोत्याचं तोंड बांधायला लागली.

मॅडमनी पिशवीतनं कागद काढला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिला. वेगळं खाणाऱ्याला वेगळं रेशनकार्ड मागता येतं, अर्ज कुठं करायचा, कुठले दाखले लागतात. अक्षर शाळेतल्या फळ्यावर असतं तसं सरळ. पैसे देऊ केले नाहीत, खोली बघून देते म्हणाल्या नाहीत. तेव्हा मला ते कोरडं वाटलं. पुढं त्यांच्याबरोबर काम केल्यावर उमगलं की जे आपल्या हातात नाही ते बोलायचंच नाही, हा त्यांचा पिंडच होता.

एमआयडीसीच्या मागच्या बाजूला आम्ही पत्र्याची एक खोली घेतली. आईनं कारखान्यात कामाला जायला सुरुवात केली आणि घरी येऊन ती पुन्हा काठ मारायची. त्या खोलीत मी बी.ए. झाले. निकाल लागला तेव्हा आईनं पेढे वाटले नाहीत. कारखान्यात टॉवेलांच्या गठ्ठ्यावर माझी गुणपत्रिका ठेवून सगळ्या बायकांना दाखवली, आणि डाग पडू नये म्हणून प्रत्येकीला आधी हात पुसायला लावले.

नोकरी शोधताना सर्वेक्षणात कंत्राटावर माणसं घेतायत असं कळलं. मी गेले. प्रशिक्षणाला आम्ही वीस-बावीस जण होतो, बहुतेक माझ्यासारखेच नवे पदवीधर. शिकवायला उभ्या राहिल्या बिराजदार मॅडम. मी तिसऱ्या बाकावर होते. हजेरीत माझं नाव त्यांनी वाचलं, पुढं गेल्या.

कुटुंब कसं ओळखायचं हे सांगताना त्या म्हणाल्या, "पुस्तकात लिहिलंय, चूल बघा. मी सांगते, चूल बघू नका. सिलिंडर एक असला की चूल एकच असते, त्यावर तीन कुटुंबं पाळीपाळीनं शिजवतात. पिठाचे डबे बघा. आणि डब्याचं घरातल्या बाईला एकटीला विचारायचं. मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, आणि एका बाईचं डोक्यावरचं छप्पर गेलं. उत्तर खरं मिळालं होतं. ते माझ्या डोक्यावर आहे अजून."

कुणाचं छप्पर, ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. चहाच्या सुट्टीत मात्र कप घेऊन शेजारी आल्या आणि हळूच विचारलं, "आईची मान कशी आहे?" म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. घर, मी, मशीनवर वाकलेली मान.

मग मी त्यांच्या हाताखाली फिरले, शहरात, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत. घरांची नावं मी सांगणार नाही, ती त्यांचीच शिकवण. आमचं घर सांगितलं कारण ते आमचं आहे.

बाईला एकटीला विचारायचं म्हणजे कसं, हे बघण्यासारखं होतं. सासू पुढ्यात, नवरा दारात, दीर खाटेवर. मॅडम मध्येच टॅब बघून म्हणायच्या, संडास घरचा आहे का सामाईक, तेवढं दाखवा. तो प्रश्न खरंच यादीत होता. पण संडास दाखवायला पुरुष येत नाही आणि सासूचे गुडघे दुखत असतात. मागच्या अंगणात दोन मिनिटं मिळायची. तेवढ्यात पीठ, औषधपाणी, मजुरी कुणाच्या हातात जाते, सगळं कळायचं. पुढच्या दारी येऊन त्या मोठ्यानं म्हणायच्या, "संडास चांगला आहे हं." एकदा एका सासूनं कौतुकानं विचारलं, सरकारला आमच्या संडासाची एवढी काळजी का? मॅडम म्हणाल्या, "मला आहे, आजी. सरकारचं मला माहीत नाही."

श्रीमंत घरात त्यांची रीत वेगळी. एका बंगल्यात एक व्यापारी गृहस्थ, बोटात अंगठ्या, म्हणाले की आमचं कसलं उत्पन्न बाई, पोटापुरतं. मॅडमनी मान हलवली. बाहेर साखळीला एक केसाळ कुत्रं होतं. त्याचं नाव विचारलं, जात विचारली, खातं काय विचारलं. गृहस्थ खुलले. कंपनीचं खाणं, पुण्याहून येतं, दर आठवड्याला अंघोळ घालायला माणूस, उन्हाळ्यात कूलर. दहा मिनिटं ते सांगत होते. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पोट दोघांचं आहे. तर परत पहिल्यापासून लिहू या?" गृहस्थ आधी रागावले, मग हसू फुटलं, आणि मग खरं बोलले. बाहेर आल्यावर मी हसत होते. त्या हसत नव्हत्या. छत्री उघडत म्हणाल्या, "शितावरनं भाताची परीक्षा, ना? ह्यानं शीत कच्चं सांगितलं तर सगळा भात कच्चा लिहिला जातो. मग ज्याचा खरंच कच्चा आहे त्याचं कोण बघणार?"

माझी एक चूक सांगते. कारखान्यातल्या एका बाईला मी सुखाचा प्रश्न विचारला, दहापैकी किती. ती हसली. "पासापुरतं लिवा की, पोरी." मी चार लिहिले. संध्याकाळी तपासताना मॅडमनी बोट ठेवलं. हे चार तिचे का तुझे? मी सांगितलं, पास म्हणजे पस्तीस टक्के, साडेतीन होतात, अर्धा लिहिता येत नाही, म्हणून वर नेले. त्या म्हणाल्या, "परत जा." चार किलोमीटरवर घर होतं. मी गेले. बाईनं विचार केला. बराच वेळ केला. शेवटी म्हणाली, "सहा लिव. पोरगी शिकायलीय माजी." परत आले तेव्हा मॅडम माझी वाट बघत ऑफिसच्या पायरीवर बसल्या होत्या. सहा ऐकून म्हणाल्या, "बघ. तू तिला दोननं गरीब केलं होतंस."

वरचे साहेब त्यांच्यावर खूश नसत. बाकीचे दिवसाला सहा घरं करायचे, मॅडमची चारच व्हायची. काहीजण हॉटेलात बसून मनानंच घरं भरायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी एकदा चिडून विचारलं, इतरांना कसं जमतं? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "त्यांना माणसं भेटत नाहीत ना साहेब, मग वेळ वाचतो." त्या वर्षी त्यांचं नाव कसल्याशा शिफारशीतनं गळलं. त्यांनी ते मला सांगितलं नाही, शिपायानं सांगितलं.

त्यांचं स्वतःचं मला फार माहीत नाही. शहरात भाड्यानं एकट्या राहायच्या, सणाला दुधनीला भावाकडं जायच्या. जेवणाच्या डब्यात कायम कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. माझ्या डब्यातलं त्या घेत, मीही त्यांच्यातलं घ्यायचे. पण घरी चला म्हटलं की म्हणायच्या, "तुमचं घर माझ्या यादीत आहे. तिथं फक्त पाणी." ते पाणी आईनं एकदा दिलं नव्हतं, हे आम्ही दोघी बोलायचो नाही. आईही त्यांचं नाव काढायची नाही. रेशनकार्डाच्या चकरा मात्र ती त्यांच्याच कागदावर करत होती. घड्या पडून फाटलेला तो कागद तिनं मागून चिकटपट्टी लावून जपला होता.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. ऑफिसात शाल, नारळ, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न सांगता आमच्या दारात उभ्या. छत्री होती, पिशवी होती, टॅब नव्हता.

"ऊटा आतेन्री?" त्या म्हणाल्या.

आई ओट्याशी भाकरी थापत होती. तिनं वळून बघितलं. कितीतरी वर्षांनी त्या दोघी समोरासमोर आल्या होत्या. मॅडम उंबऱ्याबाहेर चप्पल काढून तशाच थांबल्या होत्या, त्या दिवशीसारख्या.

"काल यादी संपली माझी," त्या म्हणाल्या. "आज जेवायला आले. वाढणार असाल तर."

आईनं हात धुतले, तांब्याभर पाणी भरलं आणि स्वतः नेऊन दिलं. मग पाट मांडला. गरम भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी, ताक. मॅडम हळूहळू जेवल्या. आई समोर बसून भाकरी वाढत राहिली, नको म्हटलं तरी. दोघींची बोलणी मानेवरनं गुडघ्यावर आणि गुडघ्यावरनं पावसावर गेली. मग एकदम आईनं विचारलं, "मला इचारलं हुतं तुमी. आता तुमचं सांगा. धापैकी किती?"

मॅडमचा हात ताटात थांबला. "मला कधी कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. एवढी वर्षं दुसऱ्यांना थांबून विचार करायला लावणारी बाई, स्वतः थांबली. "आठ."

"दोन कुटं गेले?"

"एक गुडघ्यात. एक तुमच्या दिरांच्या घरी राहिला."

आई उठून ओट्याशी गेली. तव्यावर भाकरी टाकली, उलटली, फुगू दिली, आणि त्यांच्या ताटात ठेवली. "तुमी इचारलं नसतं तर मी अजून तितंच ऱ्हायले असते, पलंगाखाली पीठ ठिवून," ती म्हणाली. "नऊ लिवा."

मॅडमनी वाकून चटणी घेतली. डोळ्यांचं मी सांगत नाही, चटणी तिखट होती.

दुधनीची एसटी दुपारची होती. मी स्टँडपर्यंत येते म्हटलं, त्यांनी नको म्हटलं. निघताना त्यांनी घरात नजर टाकली नाही, डबे बघायची सवय असूनसुद्धा. कोपऱ्यावर एका दारात म्हातारी बसली होती, तिच्याशी थांबून काहीतरी बोलल्या. म्हातारी हसली. मग छत्री उघडली आणि त्या वळून गेल्या.

आईचं रेशनकार्ड तिसऱ्या अर्जाला झालं. त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव आहे आणि खाली माझं. तिच्या शिलाईतनं आणि माझ्या पगारातनं दोन खोल्या बांधल्या, स्लॅबच्या. वीजबिल तिच्या नावानं येतं. घरात पिठाचा डबा एकच आहे, आणि तो ओट्यावर असतो.